स्पोर्ट्स कारसाठी सिंथेटिक ऑइल: आधी कोड, मग ग्रेड, ब्रँड सगळ्यात शेवटी

"माझ्या गाडीला कुठल्या कंपनीचं ५डब्ल्यू-४० टाकू?" हा प्रश्न आला की मी उलट एकच विचारतो: मॅन्युअलच्या ऑइलच्या पानावर कोणता कोड छापलाय? बहुतेकांनी ते पान उघडलेलं नसतं. पंचाहत्तर लाखांची गाडी घेतलेली असते, टायरचा अभ्यास झालेला असतो, एक्झॉस्टचा झालेला असतो. ऑइलचा निर्णय मात्र मित्राच्या शिफारशीवर किंवा काउंटरवरच्या माणसाच्या "साहेब, हे टॉपचं आहे" या वाक्यावर होतो.

चूक ऑइल चांगलं की वाईट यात नसते. ती क्रमात असते. लोक ब्रँडपासून सुरू करतात, मग ग्रेड पाहतात आणि कोडपर्यंत पोचतच नाहीत. खाली तोच क्रम उलटा करून, एकेक टप्पा दिला आहे. टप्पे गाळू नका. विशेषतः पहिला आणि पाचवा.

## टप्पा ०: दुकानात जायच्या आधीची तयारी

एका कागदावर किंवा फोनमध्ये एवढं लिहून घ्या:

गाडीचा चॅसिस नंबर आणि इंजिन कोड. फक्त मॉडेलचं नाव पुरत नाही. एकाच नावाच्या गाडीत चार-पाच वर्षांत इंजिन बदललेलं असतं आणि त्याबरोबर ऑइलही.

गाडीला पेट्रोल पार्टिक्युलेट फिल्टर, म्हणजे एक्झॉस्टमधली काजळी अडवणारा जीपीएफ, आहे का. काही कंपन्या त्यालाच ओपीएफ म्हणतात. थेट आयात झालेल्या अलीकडच्या गाड्यांत तो असू शकतो. खात्री नसेल तर डीलरच्या पार्ट्स काउंटरवर चॅसिस नंबर सांगून विचारा, मिनिटाभराचं काम आहे.

वॉरंटी शिल्लक आहे का आणि गाडीत काही बदल केलेत का: रीमॅप (इंजिनाच्या कॉम्प्युटरचं सेटिंग बदलणं), मोठा टर्बो, डाउनपाइप (टर्बोनंतरचा एक्झॉस्टचा पाइप). जीपीएफ काढून टाकलेला असेल तर तेही.

गाडी खरंच कशी चालते. इथे स्वतःशी प्रामाणिक राहा. "ट्रॅकसाठी घेतलीय" आणि "वर्षातून एकदा ट्रॅकवर नेतो, बाकी रविवारी सकाळी लोणावळ्यापर्यंत" यांत ऑइलच्या दृष्टीने खूप अंतर आहे.

आणि मॅन्युअल. सेकंडहँड गाडीत ते बऱ्याचदा हरवलेलं असतं. कंपनीच्या संकेतस्थळावर बहुतेक मॉडेलांचं मॅन्युअल मिळतं, पण भारतीय आवृत्ती शोधा. युरोपच्या मॅन्युअलमध्ये ऑइल बदलण्याचं अंतर तिथल्या रस्त्यांचा आणि हवेचा हिशेब धरून दिलेलं असतं. तिथे दोन वर्षांपर्यंतची लाँगलाइफ मुदत चालते म्हणून मुंबईच्या ट्रॅफिकमध्येही ती चालेल असं समजू नका.

तपासणी: यातली एकही गोष्ट "बहुतेक असं असेल" अशी लिहिली असेल तर पुढे जाऊ नका.

## टप्पा १: मॅन्युअलमधला मान्यता कोड शोधा

युरोपियन गाड्यांच्या कंपन्या ऑइलची स्वतःची चाचणी घेतात आणि पास झालेल्या ऑइलला आपला कोड देतात. सगळी निवड या कोडवर उभी आहे. ग्रेड म्हणजे फक्त ऑइल किती घट्ट आहे ते. घिसाई, गाळ, टायमिंग चेन, सील, फिल्टर यांच्याशी ते ऑइल कसं वागतं हे ग्रेड सांगत नाही, कोड सांगतो.

एक उदाहरण जवळून पाहू. पोर्शे ९११. ९९१ पिढीच्या गाडीसाठी पोर्शेचा कोड आहे ए४०. त्यात ०डब्ल्यू-४० आणि ५डब्ल्यू-४० ही दोन्ही ऑइलं येतात. पुढच्या ९९२ पिढीत ज्या गाड्यांना जीपीएफ आहे त्यांच्यासाठी सी४० हा कोड आला. तेही ०डब्ल्यू-४०च. डब्यावरचा ग्रेड सारखा, गाडीचं नाव सारखं, पण ए४० ऑइलमध्ये राख तयार करणारे धातूंचे घटक जास्त असतात आणि सी४० मध्ये मुद्दाम कमी ठेवलेले असतात. जळलेल्या ऑइलची ती राख जीपीएफमध्ये जाऊन बसते. काजळी जळून जाते, राख जळत नाही. वर्षानुवर्षं चुकीचं ऑइल घातलं तर फिल्टर चोंदतो, आणि त्याचा खर्च ऑइलवर वाचवलेल्या पैशांच्या कितीतरी पट असतो. मोबिल १ च्याच घरातलं साधं ०डब्ल्यू-४० वेगळं आणि ईएसपी एक्स३ ०डब्ल्यू-४० वेगळं, ते याच कारणामुळे. "मोबिल १ ०डब्ल्यू-४० द्या" एवढंच काउंटरवर सांगितलंत तर यातलं कुठलंही हातात पडू शकतं.

बाकी कंपन्यांचं थोडक्यात:

फोक्सवॅगन, स्कोडा, आउडी: ५०२ ०० हा पूर्ण राखेचा (म्हणजे राखेचे घटक कमी न केलेला), ठरावीक मुदतीच्या सर्व्हिसचा जुना कोड. ५०४ ०० कमी राखेचा. ५०८ ०० हा त्याहून पातळ ०डब्ल्यू-२०, आणि ओळखू यावा म्हणून त्याला हिरवट रंग दिलेला असतो. ५०८ फक्त त्यासाठीच बांधलेल्या इंजिनात जातं. जुन्या २.० टीएसआयमध्ये "नवीन आहे म्हणजे भारी असणार" असं म्हणून ते ओतू नका.

मर्सिडीज: २२९.५ पूर्ण राखेचा, एएमजीच्या बऱ्याच व्ही८ इंजिनांना ०डब्ल्यू-४० मध्ये हाच लागतो. २२९.५१ आणि २२९.५२ कमी राखेचे. २२९.७१ पातळ, ०डब्ल्यू-२०.

बीएमडब्ल्यू: लाँगलाइफ-०१, लाँगलाइफ-०४, आणि पातळ ऑइलांसाठी लाँगलाइफ-०१ एफई, लाँगलाइफ-१७ एफई प्लस.

बीएमडब्ल्यूबाबत एक जुनी सूचना अजून फिरते: "लाँगलाइफ-०४ युरोपबाहेर पेट्रोल गाडीत चालत नाही." तिला त्या वेळी आधार होता. कमी राखेच्या ऑइलमध्ये आम्ल मारण्याची ताकद कमी असते आणि पेट्रोलमध्ये गंधक जास्त असेल तर ती लवकर संपते. आपल्याकडे १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस६ इंधन आलं आणि गंधकाची मर्यादा ५० वरून १० पीपीएमवर उतरली. त्यामुळे दहा-बारा वर्षांपूर्वीचा तो सल्ला आज डोळे झाकून पाळायचं कारण राहिलेलं नाही. तुमच्या वर्षाच्या भारतीय मॅन्युअलमध्ये जो कोड आहे तो घ्या.

सगळ्याच गाड्या असे कोड देत नाहीत. निस्सान जीटी-आरसारख्या गाडीत कारखान्यातूनच मोबिल १ ०डब्ल्यू-४० येतं, तिथे त्याच ऑइलवर राहणं शहाणपणाचं. बाकी जपानी गाड्यांना एपीआय या अमेरिकन पेट्रोलियम संस्थेचा वर्ग आणि ग्रेड मिळून काम भागतं.

थांबा: मॅन्युअलमध्ये दोन कोड दिले असतील तर दोन्ही लिहून घ्या. त्यातला कुठला, हे चौथ्या टप्प्यात ठरेल.

## टप्पा २: ग्रेड, आणि "जाड म्हणजे सुरक्षित" हा गैरसमज

डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीचा. ०डब्ल्यू ऑइलची इंजिन फिरवण्याची चाचणी उणे ३५ अंशांवर होते, ५डब्ल्यूची उणे ३० वर. निफाडला कडाक्याच्या थंडीत पारा ५-६ अंशांवर येतो. म्हणजे महाराष्ट्रात ०डब्ल्यू की ५डब्ल्यू यावर रात्र जागवायची गरज नाही. तुमच्या कोडमध्ये दोन्ही बसत असतील तर जे अस्सल आणि सहज मिळतं ते घ्या.

नंतरचा आकडा १०० अंशांवरच्या घट्टपणाचा. पण स्पोर्ट्स कारच्या माणसाने याहून महत्त्वाचा एक आकडा पाहायला हवा, तो म्हणजे एचटीएचएस. १५० अंशांवर, बेअरिंगमध्ये ऑइल जोरात चिरडलं जात असताना त्याचा थर किती टिकतो याचं हे माप. ०डब्ल्यू-२० ला किमान २.६ लागतो, ३० च्या ग्रेडला किमान २.९, ५डब्ल्यू-४० ला किमान ३.५. मजा अशी की ३० च्या ग्रेडमध्येही ३.५ च्या वरची ऑइलं असतात. फोक्सवॅगन ५०४ ०० चं ५डब्ल्यू-३० हे त्यातलंच. म्हणून "३० म्हणजे पातळ, ट्रॅकला नको" असं सरसकट म्हणता येत नाही. डब्यावर एचटीएचएस नसतो, कंपनीच्या टेक्निकल डेटा शीटमध्ये असतो. ते शीट फुकट मिळतं.

आता जाडपणाबद्दल. "आपल्याकडे ऊन, म्हणून एक ग्रेड वर" हा सल्ला गॅरेजमध्ये सर्रास मिळतो. पण बाहेर ४२ अंश असोत की २२, थर्मोस्टॅट आणि ऑइल कूलर इंजिनातलं तापमान जवळपास त्याच पट्ट्यात ठेवतात. बीएमडब्ल्यूच्याच दोन गाड्या घ्या. ई४६ आणि ई९२ एम३ च्या एस५४ आणि एस६५ इंजिनांना १०डब्ल्यू-६० लागतं, कारण ती तशीच, आठ हजार आरपीएमच्या हिशेबाने बांधलेली आहेत. एम३४०आयच्या बी५८ इंजिनाला कंपनी २० किंवा ३० चं पातळ ऑइल सांगते. बी५८ मध्ये "एम आहे म्हणून" १०डब्ल्यू-६० ओतणारा माणूस सकाळच्या पहिल्या मिनिटात ऑइल टर्बोपर्यंत उशिरा पोचवतो आणि बदलत्या दाबाच्या पंपाचा आणि व्हॅल्व्ह टायमिंगचा हिशेब बिघडवतो.

## टप्पा ३: एपीआय आणि एसीईए, दुसरी चाळणी

कोड जुळला की हे बहुतेक आपोआप जुळतं, तरी टर्बो आणि डायरेक्ट इंजेक्शन असेल तर एक गोष्ट नक्की पाहा: एपीआय एसपी किंवा त्यानंतरचा वर्ग. एसपी मे २०२० मध्ये आला आणि त्यात एलएसपीआयची चाचणी आहे. कमी आरपीएमवर जास्त भार पडला की स्पार्कच्या आधीच मिश्रण पेटतं, त्याला एलएसपीआय म्हणतात. याने पिस्टनच्या रिंगांमधला भाग तुटल्याच्या घटना आहेत. ऑइलमधल्या कॅल्शियमच्या डिटर्जंटमुळे हा धोका वाढतो, म्हणून नव्या ऑइलांत त्यातला काही भाग मॅग्नेशियमने बदललेला असतो. खंबाटकीच्या चढावर सहाव्या गिअरमध्ये, दीड हजार आरपीएमवर पाय पूर्ण दाबायची सवय असेल तर ऑइल कुठलंही घाला, ती सवय सोडा. खाली गिअर टाका.

एसीईए या युरोपातल्या गाडीउत्पादकांच्या संघटनेच्या वर्गांत ए३/बी४ म्हणजे पूर्ण राख, सी३ म्हणजे कमी राख, आणि दोन्हींत एचटीएचएस किमान ३.५. जीपीएफ असेल तर ए३/बी४ कडे बघू नका.

## टप्पा ४: तुमच्या वापरानुसार निवड

शहर आणि अधूनमधून महामार्ग. मॅन्युअलचा पहिला कोड, पहिला ग्रेड. वेगळं काही नको. फक्त मुदत कमी ठेवा. ट्रॅफिकमध्ये किलोमीटर कमी आणि इंजिनाचे तास जास्त होतात.

उभी राहणारी गाडी. सोसायटीच्या बेसमेंटमध्ये पावसाळाभर कव्हरखाली उभी असलेली गाडी हा आपल्याकडचा मोठा वर्ग आहे, आणि इथेच सगळ्यात जास्त चुका होतात. "हजार किलोमीटरच झालेत, ऑइल नवीनच आहे" हे खरं नाही. दर रविवारी जागेवर दहा मिनिटं इंजिन चालू ठेवणं सगळ्यात वाईट. ऑइल पुरेसं तापत नाही, त्यात पाणी आणि कच्चं पेट्रोल साचत जातं. त्यापेक्षा दोन आठवड्यांनी एकदा गाडी बाहेर काढून पाऊण तास नीट चालवा, ऑइलचं तापमान ९० च्या पुढे जाऊन काही वेळ तिथे राहू द्या. अशा गाडीचं ऑइल किलोमीटरवर नाही, वर्षाला एकदा बदलायचं. पावसाळा संपल्यावर बदललं तर उत्तम.

ट्रॅक आणि ड्रॅग. कोइम्बतूरचा करी, चेन्नईजवळचा इरुंगट्टुकोट्टई किंवा ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किट, इथे वीस मिनिटांच्या सत्रात ऑइल १३० अंशांच्या आसपास जाऊ शकतं. मॅन्युअलमध्ये दोन कोड असतील तर ज्याचा एचटीएचएस ३.५ किंवा जास्त आहे तो घ्या. म्हणजे ५०४ आणि ५०८ दोन्ही चालतात असं लिहिलं असेल तर ट्रॅकसाठी ५०४. रीमॅप केलेल्या गाडीलाही हेच लागू. अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवरच्या ड्रॅगमध्ये प्रकार वेगळा असतो: धाव काही सेकंदांची, मधे लांब रांग. तिथे मुद्दा जाडपणाचा नाही. धावेच्या आधी ऑइल ८० च्या वर आहे ना, एवढं बघा.

रेसिंगसाठी म्हणून विकली जाणारी एस्टर ऑइलं असतात. त्यांच्या डब्यावर बऱ्याचदा कुठलाच मान्यता कोड नसतो. ती शर्यतीसाठी बनवलेली असतात, दहा हजार किलोमीटर रोजच्या वापरासाठी नाही. शर्यतीची गाडी असेल तर घ्या, आणि शर्यतीच्या हिशेबानेच लवकर काढून टाका. वॉरंटीतल्या गाडीत नको.

सावध: वेगळे अ‍ॅडिटिव्ह, "इंजिन ट्रीटमेंट", फ्लश यातलं काहीही या ऑइलमध्ये मिसळू नका. मान्यता त्या संपूर्ण मिश्रणाला मिळालेली असते. त्यात तुम्ही पाव लिटर दुसरं काही ओतलं की ते मिश्रण कोणीच तपासलेलं नसतं.

## टप्पा ५: डब्याची मागची बाजू वाचा

पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरांत जे असतं ते जाहिरातीसाठी. डबा फिरवा. मागच्या लेबलवर बारीक अक्षरांत कोडांची यादी असते, आणि बहुतेक वेळा ती दोन-तीन गटांत विभागलेली असते. पहिल्या गटावर "अप्रूव्हल्स" किंवा "अप्रूव्ह्ड" असं लिहिलेलं असतं. दुसऱ्यावर "मीट्स द रिक्वायरमेंट्स ऑफ". तिसऱ्यावर "रेकमेंडेड फॉर" किंवा "सूटेबल फॉर". बोट ठेवून पाहा की तुमचा कोड कुठल्या ओळीखाली आहे.

अप्रूव्हल म्हणजे गाडीच्या कंपनीने ते ऑइल तपासून लेखी मान्यता दिली. बाकी दोन्ही म्हणजे ऑइलच्या कंपनीचं स्वतःचं म्हणणं. ते खोटंच असतं असं मी म्हणत नाही, जुन्या गाडीत अशी ऑइलं व्यवस्थित चालतात. पण वॉरंटीचा दावा असेल तेव्हा फक्त पहिला गट तुमच्या बाजूने उभा राहतो. बऱ्याच डब्यांवर मर्सिडीजचा कोड पहिल्या गटात आणि बीएमडब्ल्यूचा तिसऱ्या गटात असतो. दुकानदार दोन्हीकडे बोट दाखवून "सगळं आहे" म्हणेल. तुम्ही वाचा.

पडताळणी घरबसल्या होते. मर्सिडीजने मान्य केलेल्या ऑइलांची यादी इंटरनेटवर खुली आहे, २२९.५ चं पान उघडून ऑइलचं पूर्ण नाव शोधा. एपीआयच्या परवानाधारकांची यादीही तशीच शोधता येते. बाकी कंपन्यांसाठी डीलरकडे छापील यादी मागा.

पूर्ण नावाचा आग्रह धरा. कॅस्ट्रॉल एज, मोट्यूल ८१००, शेल हेलिक्स अल्ट्रा ही घराण्यांची नावं आहेत. मोट्यूल ८१०० एक्स-सेस आणि ८१०० एक्स-क्लीन यांत राखेचा फरक आहे, आणि शेल्फवर ती शेजारी-शेजारी असतात. परदेशातून नातेवाइकाने आणलेला त्याच नावाचा डबा वेगळ्या मिश्रणाचाही असू शकतो, तेव्हा त्याचंही लेबल नव्याने वाचा.

"फुली सिंथेटिक" या शब्दांवर निर्णय घेऊ नका. बहुतेक देशांत, आपल्याकडेही, हायड्रोक्रॅकिंगने बनवलेलं ग्रुप ३ चं ऑइलही सिंथेटिक म्हणून विकलं जातं, आणि पीएओ या रसायनापासून बनवलेलं ग्रुप ४ चंही. ग्रुप ३ ची उत्तम ऑइलं आहेत. कोड पास झाला असेल तर आत काय आहे याची चिंता तुम्ही करायची नाही.

तपासणी: कोड पहिल्या गटात, ग्रेड मॅन्युअलमधला, जीपीएफचा मुद्दा जुळला. आता कुठे ब्रँड निवडा. या चाळणीतून जे दोन-तीन डबे उरतील त्यांतला जो खात्रीच्या ठिकाणी मिळतो तो.

## टप्पा ६: अस्सल माल मिळवणं

योग्य ऑइल ठरवून बनावट डबा घरी आणणं ही सगळ्यात वाईट गत, आणि महागड्या ऑइलांतच भेसळ करणाऱ्यांना नफा असतो. खरेदीसाठी माझा क्रम असा: आधी गाडीच्या कंपनीचा पार्ट्स काउंटर, मग ऑइलच्या कंपनीच्या संकेतस्थळावर दाखवलेला अधिकृत वितरक, मग अनेक वर्षं ओळखीचं दुकान. पुण्यात नाना पेठेत किंवा तुमच्या गावच्या ऑटो पार्ट्सच्या गल्लीत वितरकाचं नाव विचारून जा, भाव विचारत फिरू नका. ऑनलाइन घेताना साइटचं नाव नाही, विक्रेत्याचं नाव पाहा. एकाच पानावर चार विक्रेते असतात आणि सगळ्यात स्वस्त आपोआप निवडला जातो.

डबा हातात आल्यावर, पैसे देण्याआधी:

आयात मालावर आयातदाराचं नाव-पत्ता, एमआरपी, महिना-वर्ष, प्रमाण आणि ग्राहक सेवेचा संपर्क असायला हवा. आपल्या वजनमापांच्या कायद्याने हे सगळं बंधनकारक आहे. यातलं काही नसेल तर ठेवून द्या.

झाकणाची कडी अखंड आहे का, फिरवल्यावर तुटते का. आतलं चंदेरी सील सरळ चिकटलेलं हवं, कडेला गोंदाचे ओघळ नकोत. बॅच नंबर लेझरचा किंवा शाईचा असेल, तो नखाने घासून पुसला जाता कामा नये. दोन डबे घेतले तर दोन्ही एकमेकांशेजारी ठेवून रंग, लेबलची कड आणि साच्याच्या रेषा जुळवा. क्यूआर कोड असेल तर दुकानातच स्कॅन करा.

बिल घ्या, जीएसटीचं, त्यावर ऑइलचं पूर्ण नाव लिहिलेलं.

सावध: ड्रममधून मापाने ओतलेलं लूज ऑइल अशा गाडीत कधीच नको, सर्व्हिस सेंटरमध्येही नाही. तिथे बल्क ऑइलशिवाय पर्यायच नसेल तर निदान जॉब कार्डवर कोड आणि ऑइलचं नाव लिहून मागा.

## टप्पा ७: ऑइल बदलताना

आकडा आधी पाहा. बी५८ ला साधारण साडेसहा लिटर लागतं, म्हणजे पाच लिटरचा एक डबा पुरत नाही. एक लिटरचे दोन डबे त्याच ऑइलचे, जमल्यास त्याच बॅचचे घ्या. डबे तुमच्यासमोर उघडू द्या.

१. गाडी चालवून ऑइल कोमट-गरम करा. उकळतं नको, हात भाजेल. सपाट जागा.

२. चेंबरचा (इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीचा) नट उघडायच्या आधी वरचं झाकण मोकळं करा, ऑइल नीट उतरतं. नट जुना वॉशर न काढता परत बसवू नका. वॉशर एकदाच वापरायचा असतो. काही नव्या गाड्यांत चेंबर प्लास्टिकचा आणि नटही प्लास्टिकचा असतो, तो संपूर्णच बदलायचा.

३. फिल्टर मूळ कंपनीचा किंवा त्याच पुरवठादाराचा. झाकणाची ओ-रिंग नवीन. ती बसवताना नव्या ऑइलचं बोट फिरवा, आणि जुनी रिंग खाचेत चिकटून राहिली नाही ना ते बघा. दोन रिंगा एकावर एक बसल्या की दाब आल्यावर ऑइल बाहेर फेकलं जातं.

४. टॉर्क रेंच वापरा. बऱ्याच जर्मन गाड्यांत नट आणि फिल्टरचं झाकण २५ ते ३० न्यूटन-मीटरच्या आसपास असतं, पण तुमच्या मॅन्युअलचा आकडा अंतिम. अ‍ॅल्युमिनियमच्या चेंबरचे आटे ताकदीने कसून मेलेले मी बरेच पाहिलेत.

५. सांगितलेल्या प्रमाणापेक्षा अर्धा लिटर कमी ओता, इंजिन मिनिटभर चालवा, गळती बघा, मग लेव्हल पाहून बाकीचं थोडं-थोडं.

लेव्हल कशी पाहायची तेही गाडीवर अवलंबून आहे. डिपस्टिक असेल तर इंजिन गरम करून बंद करा, काही मिनिटं थांबा, मग पाहा. बऱ्याच बीएमडब्ल्यू आणि नव्या पोर्शेत डिपस्टिक नसते. तिथे ऑइल पूर्ण तापलेलं, गाडी सपाट आणि मॅन्युअलमध्ये सांगितल्याप्रमाणे इंजिन चालू ठेवून स्क्रीनवर मोजायचं. थंड इंजिनावर स्क्रीनने दाखवलेला जुना आकडा पाहून लिटरभर ओतणारे खूप आहेत. जास्त झालेलं ऑइल क्रँकच्या फटक्याने फेसाळतं, आणि फेस बेअरिंग वाचवत नाही. लेव्हल वरच्या खुणेपुढे गेली असेल तर जास्तीचं काढा, "चालेल" म्हणू नका.

तपासणी: सर्व्हिस रीसेट करा, दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीखाली पुठ्ठा टाकून थेंब बघा.

## टप्पा ८: पुढच्या काही महिन्यांत

दर हजार किलोमीटरला लेव्हल लिहून ठेवा. टर्बो इंजिन थोडं ऑइल खातंच. फोक्सवॅगन समूहाच्या मॅन्युअलमध्ये हजार किलोमीटरला अर्ध्या लिटरपर्यंत वापर सामान्य धरलाय. ऑइल न घालता लेव्हल *वाढत* असेल तर ती आनंदाची गोष्ट नाही, ऑइलमध्ये पेट्रोल उतरतंय. ऑइलचा वास घेऊन बघा आणि ते लवकर बदला.

पावसाळ्यात झाकणाच्या आत पांढरट साय दिसली की लोक घाबरतात. फक्त झाकणाला असेल आणि डिपस्टिकवरचं ऑइल स्वच्छ असेल तर तो बाष्पाचा प्रकार आहे, एक लांब फेरी मारा. डिपस्टिकवरच दुधाळ रंग असेल आणि कूलंट कमी होत असेल तर गाडी चालू करू नका, टोइंग बोलवा.

मुदतीबद्दल माझं मत स्पष्ट आहे: आपल्या वापरात वर्ष किंवा दहा हजार किलोमीटर, जे आधी येईल ते. ट्रॅकवर जाणाऱ्या गाडीला त्याच्या निम्मं. काळं झालं म्हणून ऑइल संपलं असं नसतं, डिटर्जंट काम करतो म्हणूनच ते काळं होतं. खरंच जाणून घ्यायचं असेल तर बदलताना मधल्या धारेतून शंभर-दीडशे मिलिलीटर स्वच्छ बाटलीत घेऊन ऑइल तपासणाऱ्या लॅबला पाठवा. लोखंड, तांबं, सिलिकॉन, पेट्रोलचं प्रमाण आणि घट्टपणा एवढे पाच आकडे मागा. सिलिकॉन वाढलं असेल तर आधी एअर फिल्टरची बैठक तपासा, विशेषतः आफ्टरमार्केट इनटेक लावला असेल तर.

रिकामे डबे साबूत भंगारात देऊ नका. अस्सल डबा, अस्सल लेबल, अस्सल झाकण, भेसळवाल्याला याहून काय हवं? स्क्रू ड्रायव्हरने तळाला भोक पाडा आणि लेबल फाडा. जुनं ऑइल घातक कचऱ्यात मोडतं, ते गटारात न ओतता, गोळा करून नोंदणीकृत रिसायकलरला देणाऱ्या गॅरेजकडे द्या.

उरलेल्या अर्ध्या लिटरचं झाकण घट्ट लावून, त्यावर तारीख लिहून डिकीत उभं ठेवा. कोल्हापूरच्या वाटेवर लेव्हलचा दिवा लागला तर पेट्रोल पंपावर तुमच्या कोडचं ऑइल मिळेलच असं नाही. तेही संपलं असेल तर जवळच्या ग्रेडचं कुठलंही सिंथेटिक अर्धा लिटर घाला. सिंथेटिक ऑइलं एकमेकांत मिसळतात, आणि कमी ऑइलवर शंभर किलोमीटर चालवण्यापेक्षा ते कितीतरी बरं. घरी पोचल्यावर पूर्ण ऑइल बदलायची तारीख जवळ ओढा.